कपाट न्यावे, पण सुटे करून

महानगरांत भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. तो संपला की अनेकांचे बिऱ्हाड हलते आणि त्याबरोबर कपाटही. पूर्वीचे लोखंडी कपाट चार हमालांनी दोरखंड बांधून जिन्याने उतरवले, तरी फार तर त्याचा रंग खरवडला जाई. आज शयनगृहात उभा असलेला सात फुटी वॉर्डरोब मात्र निराळ्या जातीचा आहे. तो सुट्या फळ्यांच्या रूपात खोक्यांतून घरी येतो आणि तेथेच जोडला जातो. स्वीडनमधील 'आयकिया'ने १९५६ च्या सुमारास रुळवलेली ही पद्धत जगभर पसरली. या कंपनीची दालने २०१८ मध्ये हैदराबादेत व २०२० मध्ये नवी मुंबईत उघडली. तत्पूर्वीही देशी बनावटीची अशी कपाटे आपल्याकडे मिळत होतीच. सुटे येणारे हे कपाट नव्या घरी नेतानाही सुटेच न्यावे, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

अखंड का नेऊ नये?

अशी बहुतेक कपाटे पार्टिकल बोर्डची असतात. लाकडाचा भुसा व बारीक तुकडे रेझिनमध्ये मिसळून, दाबून ही फळी तयार होते. उभ्या फळीवर वरून येणारा भार ती उत्तम पेलते. पण स्क्रूला घट्ट धरून ठेवण्याची तिची ताकद अस्सल लाकडापेक्षा पुष्कळच कमी असते. कपाट उभे असते तेव्हा वजन थेट जमिनीवर उतरते. ते उचलले, तिरके केले वा ओढले की सारा ताण सांध्यांवर येतो आणि स्क्रूभोवतीचा भुसा सुटू लागतो. पाठीमागची जेमतेम तीन मिलिमीटरची पातळ फळी केवळ धूळ अडवण्यासाठी नसते. कपाटाचा काटकोन तीच राखते. ती निखळली की चौकट पत्त्यांच्या घरासारखी एका बाजूला कलते.

वजनाचाही विचार हवा. अठरा मिलिमीटर जाडीची, सात फूट बाय दोन फुटांची एक बाजूची फळीच पंधरा-सोळा किलोंची भरते. तीन दारांचे रिकामे कपाट सव्वाशे किलोंच्या घरात जाते. शिवाय सात फूट उंच व दोन फूट खोल कपाट आडवे करताना त्याचा कोपरा सुमारे सात फूट चार इंचांपर्यंत वर येतो. वर पोटमाळा वा तुळई असेल तर तो तेथेच अडकतो. लिफ्टमध्ये तर असे कपाट सहसा मावतच नाही.

सुटे करण्याचा क्रम

सुतार वा कामगार येण्यापूर्वी कपाटाची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. जोडणीची मूळ पुस्तिका जपलेली असल्यास उत्तम. प्रत्येक फळीवर चिकटपट्टी लावून 'डावी बाजू', 'वरचा कप्पा' असे लिहावे. प्रथम कपडे, मग ड्रॉवर, त्यानंतर दारे आणि शेवटी कप्पे काढावेत. दार काढताना एकाने ते खालून पेलून धरावे. अन्यथा शेवटच्या बिजागरीवर सारा भार येऊन तेथील फळी फुटते. रिकामी चौकट दोघा-तिघांनी मिळून हलकेच जमिनीवर पालथी करावी आणि मग पाठीची फळी सोडवावी.

सांध्यांत बहुधा 'मिनीफिक्स' नावाची धातूची गोल कळ असते. स्क्रू-ड्रायव्हरने ती उलट दिशेने साधारण अर्धा फेरा फिरवली की सांधा मोकळा होतो. हातोडीचे घाव घालण्याचे कारण नाही. सांधा हलत नसेल, तर आत एखादा लपलेला स्क्रू आहे का किंवा लाकडी खुंट्या गोंदाने चिकटवल्या आहेत का, हे पाहावे. गोंद लावलेला सांधा बळाने उघडू नये. तेवढा भाग जोडलेलाच न्यावा. स्क्रू व कळा भागांनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यांवर नावे घालावीत. सुताराने जागेवरच भिंतीत बसवलेले प्लायवूडचे कपाट मात्र या प्रकारात मोडत नाही. ते हलवण्याचा निर्णय सुताराच्या सल्ल्यानेच घ्यावा.

टेम्पोत आणि पावसात

फळ्या एकावर एक आडव्या रचू नयेत. लांब कडेवर उभ्या ठेवून, मध्ये चादर वा पुठ्ठा घालून त्या टेम्पोच्या बाजूला बांधाव्यात. आरशाचे दार वेगळे गुंडाळून उभेच न्यावे. पावसाळ्यात प्लास्टिकचे आवरण आवश्यकच. कडेची पट्टी उखडलेल्या ठिकाणी पाणी शिरले की फळी फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. सामान नेणाऱ्या कंपनीकडून फळ्यांची संख्या, त्यांची सद्यःस्थिती आणि नुकसानभरपाईची अट लेखी घ्यावी. सोसायटीची परवानगी व लिफ्ट वापरण्याची वेळही आधीच ठरवावी.

पुन्हा जोडताना

नव्या घराची फरशी समतल आहे का, हे पाणसळीने तपासावे. चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते समान भरले तरच काटकोन साधला असे समजून पाठीची फळी ठोकावी. स्क्रूचे भोक सैल झाले असल्यास त्यात गोंद लावलेल्या लाकडी काड्या भरून, वाळू देऊन मग स्क्रू पिळावा.

शेवटचे काम सर्वात महत्त्वाचे आणि नेमके तेच टाळले जाते. कपाट भिंतीला जखडलेच पाहिजे. दारे वा ड्रॉवर एकाच वेळी उघडले किंवा लहान मूल खणावर चढले, तर उंच कपाट पुढे कलंडू शकते. भिंतीला न जखडलेले ड्रॉवरचे खण अंगावर पडून बालके दगावल्यानंतर २०१६ मध्ये 'आयकिया'ने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खण परत मागवले होते. विटांच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी बसवून लोखंडी कोन लावण्यास काही मिनिटे पुरतात. पोकळ जिप्समच्या भिंतीसाठी निराळे खिळे लागतात. भाड्याच्या घरात भोक पाडण्यास घरमालक नाखूश असतात, म्हणून ही परवानगी करार करतानाच मागून घ्यावी. घर सोडताना दोन भोके बुजवून देणे कोणत्याही भाडेकरूला सहज शक्य असते.