जुन्या ग्रंथालयाची दुरुस्ती आणि कारागिराची मजुरी

मुंबईत ओव्हल मैदानासमोर विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर उभा आहे. २०१३ ते २०१५ या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने त्यासाठी चार कोटींहून अधिक रुपये दिले. वर्तमानपत्रांत देणाऱ्यांची नावे आली, वास्तुविशारदांची आली. दरजा भरणाऱ्या गवंड्याचे, सागवानाला जोड देणाऱ्या सुताराचे नाव छापायची पद्धत नाही. म्हणून या पानावर थोडे त्यांच्या धंद्याबद्दल.

आधी इमारतीचा इतिहास, कारण तो व्यापाऱ्याचाच आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा प्रेमचंद रायचंद या दलालाने १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. टॉवरला आईचे नाव द्यावे एवढीच इच्छा. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि शेटजी बुडाले, पण दिलेला पैसा विद्यापीठाकडे राहिला. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये काम पुरे झाले. नकाशे काढणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. कागदावरची ती इमारत दगडात उतरवली ती इथल्या पाथरवटांनी आणि गवंड्यांनी.

अशा इमारतीला सर्वांत मोठा धोका पावसाचा नाही, सिमेंटचा आहे. हे ऐकून पुष्कळ ठेकेदार हसतात. पण जुनी दगडी भिंत पाणी पिते आणि परत सोडते. दगडांमधल्या चुन्याच्या मऊ दरजांतून ती ओल बाहेर पडते. त्या दरजा कोरून सिमेंटने बुजवल्या की ओलीची वाट बंद होते. मग पाणी दगडातून बाहेर यायला बघते, सोबत क्षार आणते, ते पृष्ठभागाखाली साठून फुगतात आणि कोरीव दगडाची पापुद्रे सुटू लागतात. सिमेंट शाबूत राहते, दगड जातो. वरून ऑइलपेंट मारला तर विचारूच नका.

म्हणून जाणकार वास्तुविशारद चुनाच मागतात, आणि इथेच आपल्या जुन्या मिस्त्रींचा हुन्नर कामाला येतो. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, आठवडेच्या आठवडे हौदात पाण्याखाली ठेवायचा, गाळायचा, विटेची सुरखी आणि चाळलेली वाळू घालून मळायचा. कुणी गुळाचे पाणी घालतात, कुणी बेलफळाचा गर, कुणी मेथी. प्रत्येक उस्तादाचे माप वेगळे. दरज भरल्यावर ओले गोणपाट टाकून दिवसेंदिवस जपावे लागते, कारण चुना हवा खात सावकाश घट्ट होतो.

लाकडाचेही तसेच. ग्रंथालयासारख्या ठिकाणी कुजलेली तुळई सबंध काढत नाहीत. सडलेले टोक कापून तेवढाच जोड देतात, आणि जोडाला जुने, मुरलेले सागवान लागते. पाडलेल्या इमारतींचे लाकूड विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मोठ्या मापाची तुळई फर्निचरसाठी चिरून टाकण्यापूर्वी एकदा दुरुस्तीवाल्यांकडे चौकशी करावी. रंगीत काचांच्या खिडक्यांचे काम तर त्याहून नाजूक. प्रत्येक तुकड्याला नंबर, थकलेल्या शिशाच्या पट्ट्या काढून नव्या, आणि हरवलेला तुकडा रंगवून भट्टीत भाजून घ्यायचा.

आता मजुरीचा प्रश्न. काम मोठ्या ठेकेदाराच्या नावावर, त्याच्याकडून पोटठेकेदाराकडे, आणि तिसऱ्या हाताने आपल्या मिस्त्रीकडे येते. दर ठरतो चौरस फुटावर, जणू सिमेंटचा गिलावाच आहे. चुना विरवण्याचे दिवस, गोणपाट भिजवणारा माणूस, पाडावरून पुन्हा पुन्हा चढउतार, यातले काहीच त्या दरात नसते. मग मिस्त्री एक तर तोट्यात जातो, नाही तर गुपचूप चुन्यात सिमेंट मिसळतो. दुसरे केले की इमारतही गेली आणि पुढचे कामही.

यावर उपाय एवढाच की दर सांगण्याआधी भिंतीच्या एका कोपऱ्यात हातभर नमुना करून दाखवावा. त्याला लागलेला माल आणि दिवस लिहून काढावेत, आणि त्यावरून दर मागावा. नमुन्याचे पैसे वेगळे घ्यावेत. वास्तुविशारदाने नमुन्यावर सही केली, तर पुढे काम नापास करून बिल अडवणे कुणालाही सोपे जात नाही.

दुसरी गोष्ट कागदाची, आणि आपण इथेच कमी पडतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याज. दारे-खिडक्या किंवा काचा बनवून देणाऱ्या कारखान्याने त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. ती फुकट होते, मधल्या माणसाला पैसे द्यायचे कारण नाही. गवंडीकामासारख्या ठेक्यांना हा कायदा लागू होतो की नाही यावर वाद झाले आहेत, म्हणून तिथे करारातच तारखा घालून घ्याव्यात.

काम कमी पडेल असे वाटत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींचे नियम आहेत आणि २०१८ मध्ये ओव्हलच्या आसपासच्या इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. अशा जुन्या दगडी महाविद्यालयांना आज ना उद्या पाड बांधावेच लागतात. बाहेरचे चुनाकाम पावसाळा संपल्यावर सुरू होते. तेव्हा ज्याला ते घ्यायचे आहे त्याने चुन्याचा हौद भर पावसातच भरून ठेवावा. दिवाळीनंतर विरवायला घेतलेला चुना त्या हंगामाला उशिराच हाती येतो.