विक्रांतचं लोखंड

माकणीला मोठं पाणी म्हणजे निम्न तेरणा धरणाचं. मुंबईचा समुद्र इथून चारशेहून अधिक किलोमीटर. लोहारा तालुक्यातल्या अशा गावांपर्यंत विमानवाहू युद्धनौका पोहोचू शकली ती मोटारसायकलची टाकी होऊनच. १ फेब्रुवारी २०१६ ला बजाजने व्ही१५ सादर केली. इंजिन दीडशे सीसीचं, त्यात नवल काही नव्हतं. गिऱ्हाईक थांबत होतं ते एका वाक्याशी : हिच्यात आयएनएस विक्रांतचं लोखंड आहे.

ते लोखंड बाजारात आलं कसं, हे मात्र जाहिरातीत नव्हतं.

विक्रांतचा सांगाडा १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावानं घातला गेला. महायुद्ध संपलं आणि जहाज अर्धवट पडून राहिलं. भारतानं ते १९५७ मध्ये घेतलं, बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत पुरं करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ ला नौदलात दाखल केलं. डिसेंबर १९७१ मध्ये याच जहाजावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले. ३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली.

पुढची वर्षं वाचताना राग येतो. मुंबईत तिचं तरंगतं संग्रहालय झालं, पण कायमच्या देखभालीचा खर्च उचलायला कोणी पुढं येईना. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून तेही बंद झालं. मग लिलाव, सुमारे साठ कोटींना. उच्च न्यायालयानं त्याविरुद्धची याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानं काही काळ स्थगिती दिली, ऑगस्ट २०१४ मध्ये तीही उठली. त्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथं, तिला गॅसकटर लागले. जहाज उभं होतं तोवर ते ओझं वाटलं. कापल्यावर त्याच्या कणाकणाला भाव आला. जानेवारी २०१६ मध्ये अर्झान खंबाटांनी तिच्याच भंगारातून घडवलेलं स्मारक मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभं राहिलं, आणि आठवड्याभरात व्ही१५ आली.

हा धंदा परदेशात आधीच रुळला होता, मनगटावर. रोमँ जेरोम या स्विस कंपनीनं २००७ मध्ये ‘टायटॅनिक-डीएनए’ घड्याळं काढली. त्यांच्या पोलादात टायटॅनिकच्या तुकड्याचा अंश असल्याचा तिचा दावा होता. टायटॅनिक बांधली तीही हारलँड अँड वुल्फनेच. ब्रिटनच्या ब्रेमाँ कंपनीनं नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाचं तांबं आणि ओक घड्याळात बसवलं, २०१९ मध्ये काँकॉर्ड विमानाचं ॲल्युमिनियम वापरलं.

घड्याळाला हे परवडतं, कारण धातू लागतो चिमूटभर. जहाजाचं साधं पोलाद घामानं गंजतं, म्हणून केस बहुधा नव्या स्टेनलेस स्टीलची ठेवून जुना धातू तबकडीत किंवा मागच्या झाकणाखाली चकतीसारखा बसवतात. तुकडा न वितळवता बसवला, तर निदान तो बोटानं दाखवता येतो. वितळवला की ओळख संपली : भट्टीत जुनं किती, नवं किती, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. म्हणून टाकीपेक्षा न वितळवलेल्या तुकड्याचं घड्याळ मला जास्त प्रामाणिक वाटतं, किंमत कितीही फुगवलेली असली तरी. त्यातही तुकडा जहाजाच्या कुठल्या भागातला, हे झाकणावर कोरलेलं असावं. नाहीतर ती श्रद्धेची खरेदी.

आणि पूर्ण भारात १९ हजार टनांच्या पुढं जाणाऱ्या जहाजातून असल्या वस्तूंना लागून लागून किती लागणार? भंगारातल्या पोलादाची नेहमीची वाट रोलिंग मिलची. तिथून ते सळई होऊन स्लॅबमध्ये जातं, आणि त्या स्लॅबखाली राहणाऱ्याला कोणी सांगायला येत नाही.

नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात आली, देशी पोलादाची. व्ही१५ चं उत्पादन त्याआधीच थांबलं होतं. २०१६ साली घेतलेल्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनी, २०३१ मध्ये संपेल. ज्या पुन्हा नोंदवल्या जाणार नाहीत, त्यांच्या टाक्या भंगारात जातील, आणि मराठवाड्यातल्या भंगाराला जालन्याच्या भट्ट्या जवळ आहेत. तिथं सळईच बनते.