जव्हार-मोखाडा परिसरातील विद्यार्थी सेवाकार्य

जव्हार-मोखाडा परिसरातील विद्यार्थी सेवाकार्य म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून होणारे पाणी, आरोग्य, पोषण, शिक्षण व श्रमदान या क्षेत्रांतील स्वयंसेवी काम होय. राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरे, समाजकार्य महाविद्यालयांचे क्षेत्रकार्य, तंत्रशिक्षण संस्थांचे ग्रामीण अभ्यासप्रकल्प आणि स्वयंसेवी संस्थांच्या मोहिमा ही त्याची प्रमुख रूपे आहेत. येथील कुपोषण, उन्हाळी पाणीटंचाई आणि हंगामी स्थलांतर हे प्रश्न ऋतुचक्राशी बांधलेले आहेत. त्यामुळे विद्यार्थी केव्हा येतात आणि गेल्यावर मागे काय उरते, यांवर या कामाची उपयुक्तता अवलंबून असते.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवरील गाव पूर्वी मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. गावाजवळील शिरपामाळ हे ऐतिहासिक स्थळ आहे. १६६४ च्या सुरत मोहिमेवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे झाला, राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे परंपरेने मानले जाते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर हा भाग ठाणे जिल्ह्यात आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या येथील प्रमुख जमाती आहेत. त्यांपैकी कातकरी ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेली जमात आहे. वस्ती डोंगरउतारांवरील विखुरलेल्या पाड्यांत असून एका महसुली गावात अनेक पाडे असतात. भात, नागली व वरई ही पावसाळी पिके निघाल्यावर सिंचनाअभावी शेतीत फारसे काम उरत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी, वसई, कल्याण या पट्ट्यांतील वीटभट्ट्यांवर, रेतीच्या व बांधकामाच्या कामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर कायमची परततात. मधल्या काळात होळीच्या सणाला गावी येण्याची प्रथा आहे.

पाऊस मुबलक असूनही उन्हाळ्यात पाणी नसते, हे या भागाचे वैशिष्ट्य आहे. तीव्र उतार व मातीच्या पातळ थराखालील कठीण बेसाल्ट खडक यांमुळे पाणी जमिनीत न मुरता वाहून जाते. उन्हाळा वाढतो तशा विहिरी आटतात व अनेक पाड्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागते. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे.

कुपोषणाचा प्रश्न

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा परिसर देशभर चर्चेत आला. त्यानंतर आदिवासी भागांतील आरोग्य, पोषण, रोजगार व धान्यपुरवठा यांच्या योजना एकत्रितपणे राबवण्यासाठी राज्य शासनाने १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना सुरू केली. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. तिच्यात अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीमार्फत दिवसातून एक वेळ चौरस आहार दिला जातो. या योजनांनंतरही २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंमुळे प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

कुपोषण केवळ अन्नाच्या तुटवड्यातून उद्भवत नाही. अल्पवयातील विवाह, मातेचा रक्तक्षय, जन्मतः कमी वजन, दूषित पाण्यातून होणारे जुलाब, रुग्णालयाचे अंतर आणि स्थलांतरामुळे तुटणारा अंगणवाडीचा संपर्क ही कारणे परस्परांत गुंतलेली असतात. पावसाळ्यात घरातील धान्य संपत आलेले असते, आई दिवसभर शेतावर असते, ओढ्यांना पूर आल्याने पाडे तुटतात आणि त्याच वेळी जुलाब, ताप व न्यूमोनियाचे प्रमाण वाढते. लहान मुलांसाठी हा काळ वर्षातील सर्वाधिक जोखमीचा असतो.

विद्यार्थी सेवेची परंपरा

विद्यार्थ्यांना राष्ट्रीय सेवेत सहभागी करून घेण्याच्या योजनेसाठी केंद्र शासनाने १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैय्यदैन यांनी विविध देशांतील राष्ट्रीय सेवेच्या पद्धतींचा अभ्यास केला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची शिफारस केली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे तिचे बोधचिन्ह आहे. तिच्या ब्रीदवाक्याचा आशय ‘मी नव्हे, तुम्ही’ असा आहे.

योजनेतील स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करणे आणि सात दिवसांच्या एका विशेष निवासी शिबिरात भाग घेणे अपेक्षित असते. महाविद्यालयीन एककाचे नेतृत्व कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापकाकडे असते व शिबिर सहसा एककाच्या ‘दत्तक’ गावात भरते. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्यामुळे मुंबई व ठाणे परिसरातील महाविद्यालयांना हा भाग शिबिरांसाठी जवळचा आहे.

शासकीय योजनेच्या आधीपासून श्रमदानाची आंतरराष्ट्रीय परंपराही भारतात पोहोचली होती. स्वित्झर्लंडचे शांततावादी पियरे सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर स्वयंसेवकांसह येऊन घरे व गावे पुन्हा उभारण्याच्या कामात सहभागी झाले. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने तरुणांच्या अनेक पिढ्या घडवल्या.

समाजकार्य शिक्षणातील क्षेत्रकार्याची परंपरा याहून वेगळी आहे. तिच्यात विद्यार्थी प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली त्याच वस्तीत सलग काही महिने काम करतो. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाने मोखाडा तालुक्यात कुपोषणाच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये ‘आरोहण’ हा क्षेत्रप्रकल्प सुरू केला. पुढे त्याचे स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले. विद्यार्थी बदलत राहिले तरी कामाची स्थानिक चौकट टिकून राहिल्याचे हे उदाहरण आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘सितारा’ या केंद्राचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावात मुक्काम करून पाणीपुरवठा, ऊर्जा व शेती यांतील स्थानिक प्रश्नांचा अभ्यास करतात.

कामाचे स्वरूप

*वनराई बंधारे.* श्रमदानाचा सर्वाधिक प्रचलित प्रकार म्हणजे ओढ्यावर वनराई बंधारा घालणे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरून त्यांची तोंडे शिवतात आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून गोण्यांचे थर रचतात. फटी मातीने बुजवल्या जातात. अडलेले पाणी जनावरांसाठी, कपडे धुण्यासाठी व भाजीपाल्याच्या लहान वाफ्यांसाठी उपयोगी पडते. आजूबाजूच्या विहिरींची पातळीही काही काळ टिकते. हा बंधारा कच्चा असतो व पुढील पावसात वाहून जातो. तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो. पावसाळा संपताच, ओढा वाहता असताना घातला तरच त्यात पुरेसे पाणी साठते. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत, परीक्षा आटोपल्यावर भरणाऱ्या शिबिरात घातलेल्या बंधाऱ्यामागे अनेकदा थोडेच पाणी उरते.

*आरोग्य व पोषण.* सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजणे ही प्रशिक्षणानंतर विद्यार्थ्यांना करता येण्याजोगी सोपी तपासणी आहे. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास मूल तीव्र कुपोषित आणि ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित मानले जाते. मोजमापाला उपयोग तेव्हाच असतो, जेव्हा त्याची नोंद अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तीपर्यंत पोहोचते आणि मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले जाते. जव्हार येथील पतंगशहा कुटीर रुग्णालय हे परिसरातील प्रमुख शासकीय रुग्णालय आहे. औषध देणे किंवा निदान करणे हे विद्यार्थी स्वयंसेवकाचे काम नसते. रुग्णाला तेथवर पोहोचवणे, नातेवाइकांसोबत थांबणे आणि कागदपत्रांत मदत करणे ही मदत मात्र निर्णायक ठरू शकते.

*शिक्षण व सर्वेक्षण.* आश्रमशाळा व जिल्हा परिषद शाळांत विज्ञानाचे प्रयोग, वाचनवर्ग व खेळ घेतले जातात. शिवारफेरी काढून ग्रामस्थांसह पाणवठे, वाटा व पाडे दाखवणारा गावनकाशा तयार करणे, शिधापत्रिका, जातीचे दाखले किंवा वनहक्क दावे यांची स्थिती नोंदवणे, ही कामेही केली जातात.

ऋतुचक्र आणि शिबिरांचे वेळापत्रक

महाविद्यालयीन वेळापत्रक व गावाचे ऋतुचक्र यांतील विसंगती ही या कामाची मूलभूत अडचण आहे. शिबिरे बहुधा हिवाळ्यात, प्रवास सोपा व हवा आल्हाददायक असताना भरतात. त्या वेळी गरजू कुटुंबांपैकी अनेक वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. गावात वृद्ध व शाळकरी मुले जास्त दिसतात. त्या आठवड्यात केलेल्या सर्वेक्षणात स्थलांतरित कुटुंबांतील मुले नोंदलीच जात नाहीत आणि कुपोषणाचे चित्र प्रत्यक्षाहून सौम्य दिसू शकते.

या विसंगतीवरील एक उत्तर अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात शोधले गेले. पुण्यातील ‘मैत्री’ ही संस्था १९९७ पासून तेथे ‘धडक मोहीम’ चालवते. तिच्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पावसाळ्यातील जोखमीच्या महिन्यांत आळीपाळीने गावांत राहतात, घरोघरी फिरून आजारी मुले शोधतात व आरोग्ययंत्रणेशी त्यांची गाठ घालून देतात. प्रत्येक स्वयंसेवकाचा मुक्काम अल्प असला तरी तुकड्यांच्या साखळीमुळे गावातील उपस्थिती अखंड राहते. दुसरे उत्तर म्हणजे कुटुंबांच्या मागे जाणे. शहरालगतच्या वीटभट्ट्यांवर वर्ग चालवणे किंवा लसीकरणाची चौकशी करणे हे शहरातील विद्यार्थ्यांना आठवड्याच्या सुटीतही शक्य असते.

टीका व मर्यादा

अल्पकालीन सेवेवरील टीका जागतिक आहे. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे केलेल्या भाषणात, चांगला हेतू हा परक्या समाजात हस्तक्षेप करण्याचा परवाना ठरत नाही, अशी कठोर भूमिका मांडली होती. जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात पुढील आक्षेप प्रस्तुत ठरतात.

* कपडे, खाऊ व खेळण्यांचे वाटप देणाऱ्याला समाधान देते. ते गावाच्या मूळ गरजांना स्पर्श करत नाही आणि पुढील गटाकडूनही त्याच अपेक्षा निर्माण करते.
* वेगवेगळ्या संस्थांचे गट त्याच पाड्यांत तेच प्रश्न विचारतात, पण निष्कर्ष गावाला परत कळवत नाहीत.
* कुपोषित मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय प्रसारित करणे त्यांच्या प्रतिष्ठेला बाधा आणते.
* वारली किंवा कोकणी बोली न जाणणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारे ‘हो’ हे उत्तर अनेकदा केवळ पाहुण्याचा मान राखण्यासाठी असते.
* ‘दत्तक गाव’ ही संज्ञा गावाला पाल्याच्या भूमिकेत उभे करते.

सेवेसाठी सवलतीचे गुण किंवा श्रेयांक दिल्याने सहभाग वाढतो. तथापि तासांची पूर्तता हेच उद्दिष्ट बनण्याचा धोकाही त्यातून उद्भवतो.

ग्रामसभेची भूमिका

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार दिले आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. या नियमांनुसार पाडा किंवा पाड्यांचा समूहदेखील स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. त्यामुळे शिबिराआधी ग्रामसभेत काम ठरवणे हा औपचारिक शिष्टाचार राहत नाही. बंधाऱ्याची जागा, त्यातील पाण्याचा वापर व पुढील वर्षीची जबाबदारी यांचा निर्णय तेथेच होऊ शकतो. पाणी कोणत्या ओढ्याला किती दिवस टिकते, हे ज्ञानही गावकऱ्यांकडेच असते.

स्थानिक विद्यार्थी

सेवा करणारे विद्यार्थी शहरातून येतात आणि आदिवासी ती घेतात, अशी विभागणी आता पुरेशी नाही. जव्हार येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे आणि परिसरातील आश्रमशाळांतून शिकलेले तरुण उच्च शिक्षणाकडे वळत आहेत. त्यांना बोली अवगत असते, स्थलांतराचे वेळापत्रक ठाऊक असते आणि पावसाळ्यातही ते गावात असतात. बाहेरील गटांनी त्यांच्यासोबत काम केल्यास मोजमापांच्या नोंदी पुढे चालू राहतात आणि दिवाळीपूर्वी बंधारा घालण्यासाठी शिबिराची वाट पाहावी लागत नाही.