बटाट्याच्या बेण्याचा दाखला

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर, मृगाच्या पावसाने जमीन भिजली म्हणजे बटाट्याच्या लागवडीची धांदल उडते. आणि तत्पूर्वी मंचरच्या बाजारात पंजाबातून, विशेषतः जालंदरच्या बाजूने, आलेले बेण्याचे कट्टे उतरू लागतात. हेक्टरी 25 ते 30 क्विंटल बेणे लागत असल्यामुळे या पिकाच्या खर्चात त्याचा वाटा फार मोठा असतो. आणि तरीही एवढी रक्कम मोजून माल घरी नेणाऱ्या शेतकऱ्यास त्या कंदाच्या अंतरंगात काय दडले आहे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याचा मार्ग नाही. बेण्याचा बटाटा हा मूळ झाडाचाच एक तुकडा असल्याने, त्या झाडाच्या रसात भिनलेले विषाणू तो पुढल्या पिढीकडे जसेच्या तसे नेतो, आणि वर्षानुवर्षे तेच बेणे फिरवीत राहिले की पाने गुंडाळतात, त्यांवर पिवळे-हिरवे चट्टे उमटतात, कंद लहान राहतात आणि वाणाची सारी गुणवत्ता क्षीण होत जाते. बेण्याला दाखल्याची गरज पडते ती या अदृश्य वारशामुळे.

हा वारसा एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारा मुख्य वाहक म्हणजे मावा. त्याचा उपद्रव थंड डोंगराळ प्रदेशात कमी, म्हणून निरोगी बेणे पहाडातच पिकू शकते, असा समज आपल्या देशात दीर्घकाळ होता. पाटण्यास 1949 साली स्थापन झालेल्या आणि 1956 साली सिमल्यास हलविलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेतील डॉ. पुष्करनाथ यांनी तो खोटा ठरविला. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत माव्याची संख्या अत्यल्प असते, हे ध्यानी घेऊन, निरोगी बेणे त्या मुदतीत वाढवावे; शंभर संयुक्त पानांवर माव्याची संख्या 20 च्या मर्यादेस पोहोचण्यापूर्वीच पाला कापून टाकावा; आणि साल पक्की होईपर्यंत कंद जमिनीतच राहू देऊन मग काढून शीतगृहात ठेवावेत, अशी त्यांच्या पद्धतीची रचना होती. माझ्या मते भारतीय कृषिशास्त्राच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी फलदायी कल्पना क्वचितच सापडेल. कारण पंजाबच्या मैदानाला बेण्याचे कोठार बनविले ते तिनेच.

प्रमाणीकरणाची सारी तजवीज याच ज्ञानावर उभी आहे. मूळ पैदासकार बेण्यापासून पायाभूत, आणि पायाभूतापासून प्रमाणित, असा क्रम ठरलेला असून पहिल्यास सोनेरी पिवळी, दुसऱ्यास पांढरी आणि तिसऱ्यास निळी खूणचिठ्ठी लावली जाते. प्रमाणीकरण यंत्रणेचा निरीक्षक उभ्या पिकाची अनेक वेळा पाहणी करतो, आणि त्यांतील शेवटची पाहणी पाला कापल्यानंतर, पुन्हा कोंब फुटून त्यांवर मावा बसत नाही ना, हे पाहण्यासाठी असते. 1988 सालच्या मानकांत तीव्र विषाणुरोगाच्या झाडांस पायाभूत पिकात 0.5 टक्के आणि प्रमाणित पिकात 1 टक्का एवढीच मुभा दिलेली होती. रोगट आणि भेसळीची झाडे कंदांसकट उपटून शेताबाहेर नेण्याचे काम शेतकऱ्याचे. ते हयगयीने झाले तर निरीक्षकाच्या नोंदीत सारे शेत नापास होते. कंद काढल्यावर पुन्हा आकार, सडके कंद आणि खवल्या यांची तपासणी होऊन मगच पोत्यावर मोहोर लागते.

मातीतून येणाऱ्या रोगांचा धाक विषाणूंहून मोठा आहे. ज्या रोगाला आपले शेतकरी 'बांगडी' म्हणतात, कंद कापला असता ज्याचे तपकिरी कडे दिसते, तो भारतात प्रथम नोंदला गेला तो 1892 साली, पुणे जिल्ह्यातच. आणि पायाभूत बेण्याच्या शेतात त्याचे एकही झाड चालत नाही. 2018 साली हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीर येथील बेण्याच्या वाहतुकीवर केंद्र सरकारने बंदी घातली, ती तेथील जमिनीत सूत्रकृमी आढळल्यामुळे.

एवढी कसोशी असूनही 1966 च्या बियाणे अधिनियमात प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवलेले आहे; अधिसूचित वाणाच्या पोत्यावर मात्र लेबल लावणे सक्तीचे आहे. त्यामुळे बाजारात विकणाऱ्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेला माल येतो, आणि कोणतेच लेबल नसलेला, खाण्याच्या बटाट्यातून निवडलेला मालही 'पंजाबचे बेणे' या एकाच नावाखाली खपतो. या दोहोंत आणि निळ्या खूणचिठ्ठीच्या मालात किती अंतर आहे, हे मंचरच्या गाळ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कोणीतरी स्पष्टपणे सांगावयास हवे. त्याने कट्टा फोडण्यापूर्वी चिठ्ठी पाहावी, तिच्यावरील लॉट क्रमांक आणि वाणाचे नाव पावतीवर लिहून घ्यावे, आणि पीक निघेपर्यंत चिठ्ठी व पावती दोन्ही जपून ठेवावीत. कारण पुढे उगवण फसली किंवा शेतात बांगडी निघाली, आणि कृषी खात्याकडे तक्रार करण्याची वेळ आली, तर पंचनाम्याच्या वेळी हेच दोन कागद त्याच्या बाजूने पुढे करता येतात.