माड आंब्यासारखा हलवता येत नाही

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या शेजारी कंपाउंडची भिंत घालायचं ठरलं आणि नेमका एक माड तिच्या वाटेत आला. तीन वर्षांचं झाड. बुंधा अजून जमिनीवर दिसत नव्हता, पण झावळ्या माणसाच्या डोक्यावरून गेलेल्या. रत्नागिरीजवळच्या भाट्याहून रोप आणून शेजारच्या काकींनी स्वतःच्या हाताने लावलेलं, त्यामुळे तोडायला जीव होईना. जेसीबी दारात उभाच होता. ‘लहान आहे तोवर उचलून पलीकडे लावू,’ असं सगळ्यांचं मत पडलं. माड उचलला, मुळांची माती पाइपाने धुतली, लोंबणारी मुळं कोयत्याने छाटली. वाऱ्याने कलंडायला नको म्हणून दीड हात खोल पुरला, आळ्यात चार मुठी मीठ टाकलं आणि रोज संध्याकाळी पाणी सोडलं.

माड हिरवागार राहिला. जून गेला, जुलै गेला. जो तो म्हणाला, लागला हो काकी तुमचा माड. गणपतीच्या आदल्या आठवड्यात काकींनी मधली न उमललेली सुई सहज धरली आणि ती अलगद हातात आली. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, नाक धरायला लावणारा वास. भोवतीच्या झावळ्या तेव्हाही हिरव्या होत्या.

काकींचं प्रेम कुठेच कमी पडलं नव्हतं. जे केलं ते आंब्याच्या कलमाला केलं असतं तर बरंचसं खपून गेलं असतं. पण माड आंब्या-फणसाच्या जातकुळीतला नाही. तो एकदल, गवत, केळ, हळद, सुपारी हे त्याचे भाऊबंद. आंब्याच्या सालीखाली जिवंत पेशींचं पातळ अस्तर असतं. त्याच्यामुळे खोड दरवर्षी जाड होतं, जखम भरून येते. माडाला ते अस्तरच नाही. फांदी फुटण्याची सोय नाही. वाढीचं ठिकाण एकच, शेंड्याच्या पोटात, झावळ्यांच्या पिढ्यांनी घट्ट गुंडाळलेलं. ते गेलं की माड गेला, मग खाली मुळं कितीही धडधाकट असोत.

एवढं ध्यानात ठेवलं तर परसातला माड हलवताना कानावर येणारे बहुतेक सल्ले आपोआप पारखता येतात.

‘लहान आहे तोवर हलवा’ हा त्यातला पहिला, आणि तो अर्धाच खरा आहे. रोपवाटिकेतलं नऊ ते बारा महिन्यांचं रोप सहज लागतं, कारण त्याची शिदोरी त्याच्यासोबत असते. रुजलेला नारळ फोडला की आत स्पंजासारखा, गोडसर पांढरा गोळा मिळतो. कोकणातली पोरं त्यासाठी भांडतात. तो गोळा खोबरं शोषून कोंबाला भरवत असतो आणि साधारण वर्ष-सव्वा वर्ष हे चालतं. म्हणून रोप लावताना खालचा नारळ तोडायचा नाही. पण शिदोरी संपलेली आणि बुंधा अजून धरलेला नाही, असं मधल्या वयाचं झाड हलवणं सगळ्यात जोखमीचं. माडाची नवी मुळं बुंध्याच्या तळातून फुटतात आणि तो तळ या वयात पुरता तयार झालेला नसतो. बुंध्यात साठवलेलं अन्नही नसतं. माड-ताडांच्या बऱ्याच जातींचा अनुभव सांगतो, की बुंधा चांगला दिसू लागलेलं मोठं झाड मधल्या वयाच्या झाडापेक्षा स्थलांतर बरं सोसतं. काकींच्या माडाला आणखी दोन-तीन वर्षं मिळाली असती, किंवा भिंतच हातभर वळवली असती, तर बरं झालं असतं.

मुळांविषयीची समजूत तर पार उलटी आहे. माडाचं सोटमूळ खोल गेलेलं असतं, ते तुटलं की संपलं, असं लोक ठामपणे सांगतात. माडाला सोटमूळ नसतंच. पूर्ण वाढलेल्या माडाच्या बुंध्यातून दोरखंडासारखी, जवळजवळ एकाच जाडीची हजारो मुळं निघतात आणि कामाची बहुतेक मुळं बुंध्याभोवती दोन मीटरच्या आतच असतात. तोडलेल्या मुळांचं पुढे काय होतं, याचा अभ्यास १९८०च्या दशकात फ्लोरिडात झाला. तिथल्या साबाल नावाच्या ताडाचं तोडलेलं मूळ जवळजवळ एकही जगलं नाही. सगळी नवी मुळं बुंध्यातूनच यावी लागली. नारळाची मात्र सुमारे निम्मी तुटकी मुळं जगून पुन्हा फुटली, मग ती बुंध्यापासून किती अंतरावर तोडली होती याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे माडाच्या मुळांचा प्रचंड गड्डा क्रेनने उचलायची गरज नसते. बुंध्याभोवती हात-दीड हात मातीचा गड्डा पुरतो. पण तो गड्डा फुटता कामा नये, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला राहावा आणि झाड त्याच दिवशी खड्ड्यात जावं. माती धुऊन काढणं हा त्यातला सगळ्यात मोठा घात. बारीक, पाणी ओढणारी मुळं मातीबरोबरच निघून जातात.

खोल पुरण्याचं वेड कशातून येतं ते समजू शकतं. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या वाड्यांत माड-पोफळी आडव्या झालेल्या आपण पाहिल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं. अशा भागातला माणूस झाड खोल लावणारच. फक्त इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नवीन रोप खोल खड्ड्यात लावतात हे खरं, पण तिथे खड्डा अर्धाच भरलेला असतो. नारळ जेमतेम मातीआड जातो, मान मोकळी राहते आणि बुंधा वाढेल तशी दरवर्षी थोडी माती ओढतात. वाढलेल्या माडाचा बुंधा पहिल्या दिवसापासून दीड हात मातीत गाडला, की त्याच्या मुळांना हवा मिळत नाही. मुळं श्वास घेतात. माडाच्या मुळांवर त्यासाठी बारीक पांढरे उंचवटेसुद्धा असतात. झाड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच मातीत हवं. वाऱ्यासाठी तीन बाजूंनी बांबूचे टेकू द्यावेत. टेकू बुंध्याला खिळ्याने मात्र ठोकू नयेत. बुंध्याला काथ्याची किंवा गोणपाटाची पट्टी गुंडाळून त्यावर टेकू बांधावेत.

खिळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माडाची जखम कधीही भरत नाही. चढायला सोपं जावं म्हणून बुंध्यात पाडलेल्या खाचा, पणत्या लावायला ठोकलेले खिळे, तारेने कापलेला वळ, हे सगळं झाडाच्या मरणापर्यंत तसंच उघडं राहतं. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या बुंधा आतून पोखरतात. बाहेर दिसतो तो बारीक भोकातून येणारा लालसर चीक आणि चघळलेला भुस्सा. हलवलेलं झाड आधीच अशक्त असतं, त्यामुळे पहिलं वर्षभर त्याच्या बुंध्यावरून दर आठवड्याला हात फिरवून बघावं.

माडाचा बुंधा म्हणजे त्याची रोजनिशीही आहे. खोडाची जाडी शेंड्याजवळच ठरते. एकदा तो भाग खाली राहिला की पुढे तो जाड होत नाही. ज्या वर्षी माडाची उपासमार झाली त्या वर्षीचा बुंधा बारीक राहतो आणि दिवस पालटले की वर पुन्हा जाड होतो. मिऱ्या बंदराकडे जाताना एखादा माड कमरेत आवळल्यासारखा दिसला, तर त्या उंचीवर तो कधीतरी हाल सोसून गेला आहे असं खुशाल समजावं. खत घालून ती कंबर भरून निघत नाही.

मिठाबद्दल मात्र घाईने हसू नये. माडाला मीठ लागतं या समजुतीत तथ्य आहे. नारळाला क्लोरीन लागतं आणि समुद्रापासून लांबच्या मुलखात, विशेषतः फिलिपाइन्समध्ये, माडाला मीठ खत म्हणून देतात. कासरगोडच्या केंद्रीय संस्थेची जांभ्या जमिनीसाठीची शिफारसही दोन किलो मीठ खड्ड्यात घालण्याची आहे. पण ते लागवडीच्या सहा महिने आधी, कठीण जांभा मऊ पडावा म्हणून. झावळ्यांच्या बेचक्यात वाळू आणि मीठ भरण्याची जुनी रीत गेंड्या भुंग्याला अडवण्यासाठी होती. आता त्यासाठी निंबोळी पेंड आणि वाळू भरणं अधिक सुरक्षित. ताज्या तुटलेल्या मुळांवर मीठ टाकलं, की मुळांनी मातीतलं पाणी ओढायचं ते राहतं बाजूला, उलट मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. रत्नागिरी शहरात तर खारा वारा बारा महिने येतो. शिवाय आपण घालतो त्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोरीन असतंच आणि नारळाची सर्वांत मोठी भूक पालाशाची आहे.

आता पाणी. ‘माड पाण्यात उभा राहिला तरी जगतो’ असं म्हणणाऱ्याने खाडीकाठचे माड पाहिलेले असतात. तिथली जमीन वाळूची, पाणी हलतं. आपल्या परसात जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे कातळातली बादली. मे महिन्यात त्यात घातलेलं पाणी कुठे जातं कळत नाही आणि जुलैत भरलेलं पाणी कुठेच जात नाही. म्हणून मोठा माड हलवायचा तर खड्डा मीटरभरापेक्षा ऐसपैस घ्यावा आणि उताराच्या बाजूला पाणी निघून जायला चर काढावा. तळाशी सोडणांचे दोन थर लावावेत, पोकळ बाजू वर करून. सोडणं उन्हाळ्यात ओल धरतात आणि कुजताना पालाश देतात. पाऊस सुरू होताना, जूनच्या पहिल्या सरींनंतर, हे काम करावं. जिथे पाणी साचतं तिथे थांबून सप्टेंबरात. खरी परीक्षा ऑक्टोबरनंतरची असते. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मग आठ महिने जवळजवळ काहीच नाही. हलवलेल्या माडाला तो पहिला उन्हाळा ओल तुटू न देता काढावा लागतो. आळ्यात वाळक्या झावळ्यांचं आच्छादन घालावं आणि दक्षिण-पश्चिमेचं ऊन अडवायला झापांचा आडोसा करावा.

खताची घाई नको. मुळंच नसलेल्या झाडाला युरिया म्हणजे आजाऱ्यापुढे वाढलेलं पंचपक्वान्न. नवी सुई नीट हलू लागेपर्यंत रासायनिक खत नाही. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलंच, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणाच्या खड्ड्यातच वाढतात आणि अर्धवट कुजलेल्या खतातून आपण त्या परसात आणून सोडतो.

झावळ्या किती ठेवायच्या यावर वाद आहे. सगळ्या छाटणारेही आहेत आणि एकही न छाटणारेही. साबालच्या बाबतीत सगळी पानं काढल्यावर झाडं जास्त जगली, पण त्याचं एकही मूळ टिकत नाही. नारळाची निम्मी मुळं राहतात, म्हणून खालच्या जुन्या झावळ्यांपैकी अर्ध्याच्या आसपास काढाव्यात आणि वरच्या सुईभोवती जमवून सुंभाने सैल बांधाव्यात. सुईला कोयता लागता कामा नये.

या सगळ्यांत फसवी गोष्ट एकच, हिरवेपणा. ऑस्ट्रेलियात गवतझाड म्हणून एक वनस्पती आहे. पर्थच्या बाजूचे नूंगार लोक तिला बाल्गा म्हणतात. काळसर खोड आणि वर गवताचा झुबका. तीही एकदल, आणि खोड वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतं. रानातून उचलून बागेत लावलेली गवतझाडं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, हिरवी उभी राहतात आणि मग मेलेली निघतात. खोडातल्या साठ्यावर ती तेवढे दिवस काढतात. माडाचंही तसंच आहे, झालेला घात उशिरा दिसतो. निरोगी माडाला महिन्याला एक झावळी येते. पोयीचा कोंब मात्र ती पोय उमलण्याच्या अडीच वर्षांहून अधिक आधीच शेंड्यात धरलेला असतो आणि उमलल्यावर नारळ तयार व्हायला आणखी वर्ष लागतं. म्हणून आज हलवलेल्या माडाची नारळधारणा दोन-तीन वर्षांनी घसरली, तर त्या वर्षीच्या खतपाण्याला दोष देऊ नये.

माड जिवंत आहे का हे पाहायची खात्रीची रीत साधी आहे. मधल्या सुईवर आणि तिच्या शेजारच्या उघड्या झावळीच्या देठावर एकाच उंचीला रंगाची खूण करायची. पंधरा दिवसांनी सुईवरची खूण वर सरकलेली दिसली, तर शेंडा चालू आहे. सरकली नाही, तर पाणी वाढवू नये. आधी आळ्याची माती हाताने उकरून वास घ्यावा.

यंदा काकींच्याच परसातला दुसरा माड हलवावा लागला. सात वर्षांचा, हातभर बुंधा वर आलेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, गड्डा न फोडता, जुन्याच उंचीला, मिठाशिवाय. काकींनी नेलपॉलिशने सुईवर आणि शेजारच्या झावळीवर लाल रेघ ओढली होती. आषाढी एकादशीला फराळाचं ताट ठेवून त्या मला परसात घेऊन गेल्या. झावळीवरची रेघ जागेवर होती. सुईवरची तिच्या चार बोटं वर.