तासिकेबाहेरचे गुरुजन

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून विभक्त होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, त्यास पाव शतकाहून अधिक काळ लोटला. परंतु येथील हायस्कुलांची हकीकत जिल्ह्याच्या वयाहून पुष्कळ जुनी आहे. शाळांच्या स्मरणिकांत इमारती, देणगीदार आणि गुणवत्तायादी यांस ऐसपैस जागा मिळते, आणि ज्यांनी तीस-तीस वर्षे त्या इमारतींत घालविली त्या शिक्षकांच्या छंदांची बोळवण एखाद्या ओळीत होते. धानाच्या आणि तलावांच्या या मुलखाला निसर्गाकडे, नाटकाकडे आणि स्वतःच्या बोलीकडे डोळसपणे पाहण्यास शिकविले ते बहुतांशी याच छंदांनी, असे माझे मत आहे.

1956 पर्यंत हा प्रदेश मध्यप्रांताच्या आणि नंतर मध्यप्रदेशाच्या अंमलाखाली होता. गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन. तेथे भातगिरण्या आणि विडीचे कारखाने आले, दूरदूरची माणसे आली आणि मराठीइतकीच हिंदीही बाजारात रुळली. तथापि जंक्शनापासून पाच-दहा कोस आत गेले, की हायस्कूल म्हणजे दुर्लभ वस्तू होती. ही उणीव भरून काढण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत मनोहरभाई पटेल यांचे नाव अग्रभागी आहे. स्वतःच्या वाट्याला अल्प शालेय शिक्षण आलेल्या या गृहस्थांनी 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन करून खेड्यापाड्यांपर्यंत शाळा नेल्या. आमगावी लक्ष्मणराव मानकर यांनी भवभूती शिक्षण संस्था उभी केली. ते आमदार झाले, 1977 साली लोकसभेवर निवडून गेले, तरी लोकांच्या तोंडी ‘मानकर गुरुजी’च राहिले. जवळचे पदमपूर हे भवभूतीचे जन्मस्थान होय, अशी या परिसराची श्रद्धा आहे. ज्या गावच्या शाळेवर संस्कृत नाटककाराचे नाव कोरलेले आहे, तेथील मुलाला ‘उत्तररामचरित’ हे अगदीच परके वाटत नाही, हा लाभ सामान्य नव्हे.

1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत छंदांना आणि मंडळांना स्थान द्यावे, अशी शिफारस केली. कागदावर विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, बालवीर पथक अशी सर्व योजना उमटली. परंतु त्यासाठी खर्चाची तरतूद नाममात्र असल्यामुळे ज्या शिक्षकास जो नाद, तेच त्या शाळेचे मंडळ, असा शिरस्ता आपोआप पडला. चित्रकलेच्या शिक्षकाचे अक्षर वळणदार असेल तर हस्तलिखित निघे, क्रीडाशिक्षक मल्लखांबाचा शौकीन असेल तर पटांगणात खांब रोवला जाई, आणि तो बदलून गेला की पुष्कळदा खांबही उखडला जाई. ही व्यवस्था व्यक्तीवर विसंबलेली होती हे खरेच. पण तिच्यात जो जिवंतपणा होता तो परिपत्रकाने येत नाही.

मी ज्या शाळेत शिकलो तेथील विज्ञानाच्या सरांना सारसांचा नाद होता. जुन्या हजेरीपत्रकाची कोरी पाने शिवून त्यांनी वही केली होती. तीत तारीख, गाव, बांधीच्या मालकाचे नाव, घरट्यातील अंडी आणि पिल्लू चालू लागले किंवा नाही, असे रकाने आखलेले असत. सारस पावसाळ्यात, ऐन धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या काठी गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. महिनाभर ती उबविली जातात, आणि तितके दिवस त्या जागेचे पीक शेतकऱ्याच्या हातचे जाते. रोवणीच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे असत, कारण मुले पऱ्हे उपटण्यास बांधीत उतरलेली असत. सरांनी त्या गैरहजेरीचाच उपयोग करून घेतला. रोवणी आटोपून मुलगा शाळेत परतला, की त्याच्या बांधीत काय दिसले हे त्याला फळ्यापाशी उभे करून ते विचारीत, आणि घरटे असल्याचे कळताच बापाची समजूत घालण्याचे काम त्या मुलावरच सोपवीत. बाहेरच्या माणसाचे न ऐकणारा शेतकरी आपल्या पोराचे ऐके, आणि तेवढा तुकडा विळ्यावाचून राही. आज ‘सेवा’ ही संस्था आणि वन विभाग दरवर्षी जूनमध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांसह सारसगणना करतात. महाराष्ट्रातील सारसांचा मुख्य आश्रय हाच जिल्हा आहे. या कामाला लागणारी नजर अशा वर्गांत तयार होत होती, असे मी निःसंकोच म्हणेन.

नाटकाविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आता पुष्कळ लिहिले जाते. दिवाळीनंतर मंडई भरली, शंकरपट झाले, की रात्रभर नाटक होई; त्याच्या नकला उतरून देणारा, प्रसंगी संहिता रचणारा आणि तालमी घेणारा बहुधा गावच्या शाळेतील मास्तर असे. दिवसा तो शुद्धलेखनाच्या वह्या तपाशी आणि रात्री त्याच मुलांच्या आईबापांची झाडीबोली रंगमंचावर निःशंक बोलवून घेई. पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी वळणाची हिंदी घरी बोलणाऱ्या मुलांचा वर्गातील संकोच त्यामुळे किती कमी झाला असेल, याचा हिशेब कोणत्याही तपासणीच्या शेऱ्यात सापडणार नाही.

1975 साली शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला आली. त्यानंतर निकालाच्या टक्केवारीचे महत्त्व वाढत गेले, शिकवण्या आल्या, जनगणना आणि निवडणुकीची कामे तर होतीच. विनाअनुदान शाळांतील शिक्षकास नियमित वेतनाचीच भ्रांत, तेथे छंद कोठून जोपासावा? 2001-02 पासून शाळाशाळांत राष्ट्रीय हरित सेना सुरू झाली, आणि जेथे शिक्षकास खरी आवड आहे तेथे ती उत्तम चालते. एरवी तिचे फलक भिंतीवर राहतात.

अनेक शाळांचे हीरकमहोत्सव झाले, काहींचे येत आहेत. संस्थाचालकांस माझी विनंती आहे, की जुने दप्तर रद्दीत काढण्यापूर्वी त्यातील हस्तलिखिते, निरीक्षणांच्या वह्या आणि नाटकांच्या नकला बाजूस काढून जपाव्यात, आणि जे वयोवृद्ध शिक्षक आज गोंदिया, तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथे निवृत्त जीवन कंठीत आहेत, त्यांच्याकडे माजी विद्यार्थ्यांना पाठवून त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत याच वर्षी उतरून घ्याव्यात.