सुपरमॅनचा हिरवा दगड

ज्याच्या अंगावरून गोळी निसटते आणि धावती आगगाडी जो छातीने अडवतो, अशा नायकाची गोष्ट रंगवायची कशी? जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघा तरुणांचा सुपरमॅन १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स' या अमेरिकन चित्रकथांच्या मासिकात अवतरला, आणि ही अडचण त्याच्यासोबतच आली. नायक हरणारच नसेल, तर वाचकाने श्वास रोखावा कशासाठी?

तोड निघाली ती रेडिओवर. १९४३ साली नभोवाणीवरील मालिकेत क्रिप्टोनाइट आले. सुपरमॅनच्या फुटून गेलेल्या जन्मग्रहाचा हा तुकडा जवळ आला की त्याचे बळ ओसरते. चित्रकथेत हे द्रव्य सहा वर्षांनी, १९४९ मध्ये शिरले. (सीगलने अशीच कल्पना १९४० च्या सुमारास एका कथेत योजली होती; ती कथा मात्र तेव्हा छापली गेली नाही.)

दूरचित्रवाणीवर जॉर्ज रीव्हज या नटाने १९५२ ते १९५८ या काळात सुपरमॅन रंगवला. १९५३ च्या एका भागात क्रिप्टोनाइट पुढे ठेवून त्याला तळघरात लोळवले जाते. आता सुटका कशी? शिशातून या दगडाचे किरण पार होत नाहीत. त्याचे सोबती तो तुकडा शिशाच्या नळीत कोंबतात आणि गडी उठून उभा राहतो. पडदे-रंगाने साधीसुधी अशी ही मालिका. पण हिशेब चोख. ज्या नियमाने नायक पडला, त्याच नियमाच्या पोटातून तो सुटला.

हिरण्यकशिपूचे आख्यान कीर्तनात ऐकलेल्या आपल्या वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. नरसिंहाने यातली एकही अट मोडली नाही. त्याने संध्याकाळ शोधली, उंबरठा शोधला. वर एकाएकी निष्फळ झाला असे बुवांनी सांगितले असते, तर सभामंडपातली पोरेसुद्धा हसली असती.

मालिका लांबली की हिशेब सुटू लागतो. पुढे हा दगड इतका सुळसुळला, की १९७१ साली लेखक डेनिस ओनील यांनी पृथ्वीवरचे सारे क्रिप्टोनाइट एका फटक्यात लोखंड करून टाकले. ती बंदीही कायमची टिकली नाही.

२००१ पासून दहा वर्षे चाललेली 'स्मॉलव्हिल' ही मालिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुपरमॅन अजून शाळकरी क्लार्क आहे आणि गावावर हिरव्या उल्कांचा पाऊस पडून गेला आहे. त्याला आवडणाऱ्या लॅना या मुलीच्या गळ्यातल्या हारात नेमका तोच दगड. ती समोर आली की हा धडपडतो, वह्या सांडतो. लोक म्हणतात, पोरगा लाजरा आहे! पहिल्याच भागात दांडगी मुले त्याला मक्याच्या शेतात बुजगावण्यासारखा बांधतात. तो हार गळ्यात असल्याने त्याला साधी दोरीही तोडता येत नाही. हार गळून पडताच अंगात बळ येते. उणीव आणि मन एकाच सुतात ओवलेले असे प्रसंग या प्रकारच्या मालिकांत थोडे.

पुढे मात्र गावात ज्याच्यात्याच्या खिशात हिरवा खडा निघू लागतो. कधी तो खोलीत असला तरी क्लार्क कोसळतो, तर कधी हाताशी असूनही चार वाक्ये ठणठणीत बोलतो. दगडाची मात्रा प्रसंगाच्या गरजेने ठरते, आणि ही गोष्ट पाहणाऱ्या मुलाच्या लक्षात सर्वांत आधी येते. खडा निघाला की ते भिण्याऐवजी घड्याळाकडे पाहते: भाग संपायला किती मिनिटे राहिली?

उणीव बदलूच नये असे नाही. याच मालिकेत २००२ मध्ये लाल दगड आला. तो बळ घेत नाही, संयम घेतो. शाळेच्या अंगठीत माणकाऐवजी तो बसवलेला, आणि ती बोटात घालताच गुणी क्लार्क उर्मट होतो. हा नवा नियम प्रेक्षकांपुढे उघडपणे मांडला गेला आणि पुढच्या भागांतही लाल दगडाने क्लार्कचा संयमच नेला. अंगठी बोटातून निघाली की मुलगा भानावर येतो, आणि मधल्या काळात आईवडिलांना जे बोलला ते त्याला निस्तरावे लागते.